चवीची वही

त्या उन्हाळ्यात माहेरी जायची माझी पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. देवळाली प्रवऱ्याला, कालव्याकाठी सुट्टी काढायची, असं ठरलेलं. तेवढ्यात आदेश आला की दुष्काळ जाहीर झालेल्या गावांत सुट्टीतही शाळेत पोषण आहार शिजवायचा. जामखेड तालुक्यातली आमची दोन खोल्यांची शाळा त्यात होतीच. तेल-भाजीचं थकलेलं अनुदानही सरकारने एकदम शाळेच्या खात्यावर टाकलं. किराणावाल्याची उधारी फिटली आणि मला सबब सांगायला जागा उरली नाही. मी पिशवी रिकामी केली, पण चरफडतच.

त्याच तिरीमिरीत ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून मी पुकारलं, "ज्यांच्या घरी खायची अडचण आहे, त्यांनी उद्यापासून मुलं शाळेत जेवायला पाठवावीत." आपण मोठंच काम केलं असं समजून घरी आले.

दुसऱ्या दिवशी चाळीसपैकी सहा मुलं आली. पातेलंभर खिचडी तशीच. शाळेत स्वयंपाक करणाऱ्या मावशी समोर होत्या, त्यांच्यावरच मी तोंड सोडलं. "आयतं मिळतंय तरी नखरे. उपाशी राहतील, पण येणार नाहीत."

मावशी खिचडी झाकत म्हणाल्या, "बाई, ज्याच्या घरात दाना न्हाई त्यानं यावं, असं तुमीच भोंग्यावरून सांगितलं. आता शाळंकडं निघालेलं पोरगं सगळं गाव बघनार. कोन धाडंल?"

मला राग आला, पण तो माझा मलाच. वीस वर्षं त्या गावात शिकवत होते. पाहुणा आला तर शेजारून साखर आणतील, पण घरात नाही असं म्हणणार नाहीत, हे काय मला ठाऊक नव्हतं? माझी जीभ आधी चालते आणि डोकं मागून येतं, दुसरं काय.

तालुक्याहून फोन आला. आठवडाभर हजेरी अशीच राहिली तर आमचा तांदूळ दुसऱ्या शाळेला देणार होते. माझ्या डोळ्यांसमोर चौथीतली एकच मुलगी येत होती. आदल्या आठवड्यात टँकरच्या रांगेत कळशी धरून उभी असताना चक्कर येऊन पडली होती. आलेल्या सहांत ती नव्हती. तिचा बाप कामासाठी बाहेरगावी, घरी ती आणि आई. रेशनचं धान्य महिना अर्धा होईतो संपायचं. मी घरी गेले तर आई दारातच उभी राहिली. "आमच्यात काय कमी न्हाई, बाई. ती जेवलीया." मुलगी तिच्यामागे मान खाली घालून उभी होती. मी परत आले.

शाळेत एक चवीची वही असते. मुलांना वाढण्याआधी एका पालकाने खाऊन बघायचं, शेरा लिहायचा, सही करायची. खरं सांगते, आमच्याकडे महिनाभराच्या सह्या शेवटच्या दिवशी एका बैठकीत व्हायच्या. त्या वहीची मला आता आठवण झाली. भोंग्याकडे फिरकले नाही. घरोघर जाऊन सांगितलं, "रोज एका आईची सही लागणार. सहीशिवाय मला वाढता येत नाही, तपासणी आहे. येताना पोरांनाही आणा, त्यांना एकटं कुठे ठेवता?" पहिली पाळी त्या मुलीच्या आईला दिली.

ती लेकीला घेऊन आली. धुतलेली साडी, डोक्यावर पदर. मावशींनी ताटलीत चमचाभर खिचडी दिली. तिने ती सावकाश खाल्ली, विचार केला आणि म्हणाली, "मीठ कमी हाय."

मावशी आपल्या हातच्या चवीबद्दल मलाही कधी बोलू द्यायच्या नाहीत. पण त्या दिवशी मुकाट्याने मिठाच्या डब्यात हात घातला, पातेल्यावर चिमूट फिरवली, ढवळलं, पुन्हा चमचाभर दिली. "अजून जरासं," ती म्हणाली. पुन्हा चिमूट, पुन्हा चमचा. मुलं ताटल्या घेऊन बसलेली, आणि ही खुसपट काढतेय. माझं डोकं फिरलं. "झालं का? सही करा आता," मी फटकन म्हणाले. तिने पदराने तोंड पुसलं, सही केली. लेक दोनदा मागून जेवली.

मग एकेक आई पाळीने येऊ लागली, मागे पोरं. आठवडा संपता संपता मोठं पातेलं काढावं लागलं. तांदळाचा फोन पुन्हा आला नाही.

एकदा भांडी घासताना मी मावशींना चिडवलं, "त्या बाईने तुमच्या खिचडीला नावं ठेवली आणि तुम्ही गप्प? मी बोलले असते तर उलथनं घेऊन मागे लागला असता."

मावशींनी हात थांबवला नाही. "मीठ बरोबरच हुतं, बाई. मी टाकलंच न्हाई. नुसता हात फिरवला."

"मग?"

"तिला घास पायजे हुता. मागता येत न्हवता."

मी तिथेच चुलीजवळ बसले. लई लाज वाटली. लेकीला काय घालते हे विचारायला मी तिच्या दारात गेले होते, ती स्वतः काय खाते हे विचारलं नव्हतं. आणि 'सही करा' म्हणून तिचा चौथा घास मीच तोडला होता.

आहार मुलांसाठीच आहे, नियम तसाच आहे. तिची दुसरी पाळी आली तेव्हा मी चमचा बाजूला ठेवला आणि खिचडीने भरलेलं ताट तिच्या हातात दिलं. "एका घासात चव कळत नाही, ताई. पूर्ण ताट खाल्ल्यावरच सही घ्या, असं साहेबांनी कळवलंय."

कोणत्याही साहेबाने असलं काही कळवलेलं नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग ताटाकडे. लेकीशेजारी भिंतीला टेकून बसली आणि सगळं ताट संपवलं. ताट स्वतः विसळून ठेवलं. मग वही पुढे ओढून शेऱ्याच्या रकान्यात कच्च्या अक्षरात लिहिलं, मीठ बरोबर.