राखाडी फळीचा तुकडा

उल्हासनगरच्या एका कलर लॅबमध्ये मी फोटो धुवायचो, तेव्हा बदलापूरचे एक शेतकरी दर पावसाळ्यात रोल घेऊन यायचे. मांजर्लीच्या पाण्याच्या टाकीवर चढून काढलेली भातशेतं, आणि प्रत्येक फोटोत बांधावर ठेवलेली राखाडी फळी. तिचाच एक तुकडा त्यांच्या खिशात असे.

एकदा मी हौसेनं हिरवा रंग वाढवला. त्यांनी तुकडा फोटोतल्या फळीशेजारी धरला.

"फळी हिरवी झाली, भाऊ. मग भात कुठं पिवळं पडलंय, युरिया कुठं कमी पडलाय ते कसं कळणार?"

मी पुन्हा प्रिंट काढली. फळी राखाडी आली, आणि त्यांचंच शेत पिवळट निघालं. "हां, आता बरोबर," म्हणाले आणि समाधानानं गेले.

इतकी वर्षं मी लोकांचे चेहरे उजळून देत होतो. त्यांतलं कुणी फळी घेऊन आलं नव्हतं.