खंडेनवमीचा लॅपटॉप

सोनिवलीच्या भाविकाला एक खोड होती. काही शिकायचं म्हटलं की तिला दम निघत नसे. बारावी तिने लग्नानंतर दिली, भाताला आधण ठेवता ठेवता. टायपिंगसाठी मशीन नव्हतं, तर कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर सगळी बटणं काढून ती ओट्याशेजारी चिकटवली आणि एका हाताने पीठ मळत दुसऱ्या हाताने बडवत बसली. सासूला, चिमीबाईंना, आधी वाटलं सुनेच्या डोक्यावर परिणाम झाला. मग त्या स्वतःच शेजारणींना बोलावून ते कॅलेंडर दाखवू लागल्या.

अशा घरात उल्हासनगरच्या बाजारातून जुना लॅपटॉप आला, म्हणजे खंडेनवमीला त्याची पूजा होणारच. चिमीबाईंनी पाटावर विळा, कोयता मांडला आणि मधोमध लॅपटॉप सताड उघडून ठेवला. कुंकू सढळ, अक्षता त्याहून सढळ. झाकणावर टिळा लावला असता तरी देव रागावला नसता, पण चिमीबाईंना अर्धवट काम जमत नाही.

दसरा झाला आणि भाविकाच्या परीक्षेचा दिवस उजाडला. घरबसल्या ग्राहकांना चॅटवर उत्तरं द्यायची नोकरी, तिच्या आयुष्यातली पहिली. परीक्षा दुपारी चारला आणि चुकली तर पुन्हा संधी नाही, असं कंपनीने आधीच कळवलेलं. तिने जरा लवकरच परीक्षेचं ॲप उघडलं. पडद्यावर आलं: सिक्युअर बूट ही सुरक्षेची सेटिंग बंद आहे, परीक्षा सुरू होणार नाही.

लॅपटॉप विकणाऱ्या अल्पेशनेच नवरात्रात त्यावर नवं विंडोज चढवून दिलं होतं. तिने त्याला फोन लावला.

"अरे भाभी, सॉरी! विंडोज डालते टाइम मैंने ही बंद किया था, चालू करना रह गया. सिस्टम इन्फॉर्मेशन खोलो. बायोस मोड में यूईएफआय लिखा है?"

"हो, तेच आहे."

"तो टेन्शन नहीं. लॅपटॉप रीस्टार्ट करो और एफ-टू दबाते रहो, बायोस की स्क्रीन आयेगी. सिक्युअर बूट वहीं चालू होगा."

एफ-टू दबेचना! भाविकाने वाकून पाहिलं. बटणाच्या कडेने कुंकू वाळून घट्ट बसलेलं आणि खाली अडकलेली एक अक्षता. टाचणीने उकरलं, फुंकर मारली, पण ती अक्षता काही हलेना.

चिमीबाईंचा चेहरा पडला. "मीच घोल केला गो. मना काय ठाव, त्याच्या पोटात तांदूल जाल!"

"आई, रडू नका हो. मला सुचू द्या." भाविकाला रडायला वेळच नव्हता. तिने पुन्हा फोन कानाला लावला. "अल्पेशभाई, बटण न दाबता विंडोजच्या आतून त्या स्क्रीनवर जाता येतं का?"

"जाता है ना! सेटिंग्ज, रिकव्हरी, ॲडव्हान्स्ड स्टार्टअप!"

ती एकेक पायरी उघडत गेली. शेवटी यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज दिसलं आणि तिने श्वास रोखून क्लिक केलं. पडदा काळा झाला. चिमीबाईंनी देवाला हात जोडले. मग निळा पडदा उगवला! बाणाच्या बटणांनी सरकत भाविका सिक्युअर बूटपाशी पोचली, 'डिसेबल्ड'चं 'एनेबल्ड' केलं आणि एफ-टेन दाबून सेव्ह केलं. हे बटण दबलं, देवाची कृपा.

लॅपटॉप पुन्हा सुरू झाला, ॲप उघडलं, हिरवी खूण आली. "झालं! आई, झालं!" भाविका खुर्चीतून उडालीच. चिमीबाई आनंदाच्या भरात देव्हाऱ्यातली कुंकू-अक्षतांची कोयरी घेऊन धावत आल्या आणि लॅपटॉपजवळ पोचल्यावर एकदम थबकल्या. कोयरी त्यांनी पदराआड लपवली.

"नाय बाय. आता त्याला मी हात नाय लावत."

भाविकाने खुर्ची त्यांच्याकडे वळवली आणि मान वर केली.

"त्याला नको. मला लावा."

चिमीबाईंना अर्धवट काम जमत नाहीच. भाविकाने केसांतल्या अक्षता तशाच राहू दिल्या आणि 'स्टार्ट'वर क्लिक केलं.