सदर महिलेची फाईल

लग्नात, दहाव्याला, रविवारी चर्चच्या अंगणात, कुठेही गेले तरी कुणीतरी मला बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारतं. "घरच्या कम्प्युटरला विकतचा अँटीव्हायरस घ्यावाच लागतो का हो?" नगरच्या एका कॉलेजात कम्प्युटर लॅबमध्ये माझी वीस वर्षं गेली, त्यामुळे हिला विचारायला पैसे पडत नाहीत, असा लोकांचा समज आहे. माझं उत्तर ठरलेलं असायचं. नाही. कम्प्युटरमध्ये एक पहारेकरी कंपनीकडूनच बसवून येतो, तो फुकट असतो आणि घरच्या माणसाला पुरतो. अपडेट आलं की होऊ द्या, अनोळखी लिंकवर बोट ठेवू नका, संपलं. हे मी अशा सुरात सांगायचे की समोरच्याला पुन्हा विचारायची छाती होऊ नये. माझा नवरा म्हणतो, तुला विचारण्यापेक्षा व्हायरस परवडला.

माझे आईवडील जामखेडला राहतात. पप्पा तहसीलच्या आवारात लिंबाच्या झाडाखाली टाईपरायटर घेऊन बसायचे. लोकांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, तक्रारी टाईप करून द्यायचे. पुढे टाईपरायटर गेला आणि कम्प्युटर आला, पण बोटांना सवय जुनीच. त्या काळी मराठी टायपिंगचा एक प्रोग्राम आवारातल्या सगळ्या टायपिस्टांनी एकाच सीडीवरून घेतला होता. पप्पा आजही त्याच प्रोग्रामवर टाईप करतात. नव्या पद्धतीनं शिका, असं मी शंभरदा सांगितलं. ते शंभरदा हो म्हणाले.

आई सरकारी नर्स होती. उपकेंद्रावर नेमणूक, हाताखाली सात-आठ गावं आणि बुडाखाली सायकल. तिनं किती बाळंतपणं केली ते तिलाही माहीत नाही. रिटायर झाल्यावर ती त्यातलं एकेक आठवून सांगायला लागली आणि पप्पा टाईप करायला लागले. पण आयुष्यभर अर्ज लिहिलेला माणूस दुसरं काय लिहिणार? "सदर महिलेस सकाळी सात वाजता कळा सुरू झाल्याने तिच्या सासूने मजकडे निरोप धाडला. सबब मी सायकलीने तात्काळ रवाना झाले." हे वाचून दाखवलं की आई कपाळावर हात मारायची.

"अहो, मी काय तहसीलदाराला सांगतीय का?"

"लिहायची एक पद्धत असती," पप्पा म्हणायचे.

माझ्या जन्माची गोष्टही त्या फाईलमध्ये आहे. तिच्यात मी 'अर्जदार' आहे. रविवार असूनही आई एका वस्तीवर बाळंतपण उरकून आली, सायकल भिंतीला टेकवली, घरात शिरली आणि तासाभरात सदर अर्जदाराचा जन्म झाला. ही फाईल छापून घ्या, असं मी म्हणायचे. पण सगळ्या गोष्टी सांगून झाल्याशिवाय छापायचं नाही, अशी आईची अट होती.

सगळ्या सांगून झाल्याच नाहीत. गेल्या उन्हाळ्यात आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, समजतं सगळं, फक्त शब्द सापडत नाहीत. एकच शब्द उरला, 'बरं'. भूक लागली, बरं. पाणी फार गरम आहे, बरं. राग आला तरी बरंच, जरा जोरात. जिनं अर्ध्या तालुक्यातल्या सासवांना गप्प केलं, तिला एका शब्दावर दिवस काढताना बघून मी न्हाणीघरात जाऊन रडायचे.

पप्पा रडले नाहीत, निदान माझ्यासमोर तरी. ते रोज चार वाजता चहा करायचे, आईची खुर्ची कम्प्युटरजवळ ओढायचे आणि तिचीच एक गोष्ट तिला वाचून दाखवायचे. ती डोळे मिटून ऐकायची. 'सबब' आलं की हसायची. गोष्ट संपली की म्हणायची, "बरं." तिचा सगळा दिवस त्या चार वाजण्याकडे डोळे लावून असायचा. साडेतीनलाच ती खुर्चीकडे बघायला लागायची.

नाताळच्या सुट्टीत मी घरी गेले होते. असंच वाचन चालू असताना मधेच पडद्यावर लाल चौकट आली. विकतच्या अँटीव्हायरसची मुदत संपत आली होती. पप्पांनी चष्मा वर केला. "दुकानदाराला फोन लावतो. दरसाल त्योच येऊन टाकून देतो."

झालं, माझं डोकं फिरलं. "पप्पा, मी याच धंद्यात आहे. जगाला सांगते घेऊ नका, आणि माझ्याच घरात हे?"

"वर्षभरात काय झालं का कम्प्युटरला? न्हाई ना?"

"छत्री घेतली म्हणून पाऊस पडला नाही, असं झालं हे! आतला पहारेकरी फुकट आहे. हा बाहेरचा त्याला जागाच होऊ देत नाही."

"असू दे की बाई. त्याला आपलं समदं ठाऊक हाय."

"कुणाला?"

"दुकानदाराला."

मी आईकडे वळले. "आई, तूच सांग. काढून टाकू का?"

आई म्हणाली, "बरं."

आता या 'बरं'चा अर्थ कोण लावणार? मी माझ्या बाजूनं लावला. दहा मिनिटांत विकतचा काढला, फुकटचा जागा झाला, लाल चौकट गेली. मी पप्पांना दाखवलं, बघा, कम्प्युटर जोरात चालायला लागला. ते म्हणाले, "तू शिकलेली हायस." आणि मी मोठ्या ऐटीत नगरला परत आले.

जानेवारीत एका गुरुवारी पप्पांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलले. हवा, तुरीचा भाव, शेजाऱ्यांची गाय. मग हळूच म्हणाले, "बाई, फाईल उघडती, पर अक्षरं गेली."

"गेली म्हणजे?"

"सोमवारपासून इंग्रजी दिसतंय. कंस, टक्के, काय बी. मी कीबोर्ड पुसून बघितला. चारदा बंद करून चालू केला."

त्यांनी मोबाईलवर फोटो पाठवला. सदर महिला, सबब, रवाना, सगळ्याची जागा उलटसुलट इंग्रजी अक्षरांनी आणि स्वल्पविरामांनी घेतली होती. वाईट वाटलं की आधी चिडायचं, हा माझा जुना रोग आहे. मी म्हणाले, "तुमचंच बोट कुठंतरी लागलं असेल."

"लागलं आसंल," पप्पा म्हणाले.

शनिवारी सकाळच्या एसटीनं मी जामखेडला निघाले. सगळ्या वाटेत ते 'लागलं आसंल' माझ्या मांडीवर बसून होतं. तीन दिवस तो माणूस स्वतःच्या बोटाला दोष देत बसला होता आणि मला फोन करायला घाबरत होता. आणि आई रोज साडेतीनला खुर्चीकडे बघत असणार. ती फाईल गेली असती तर आईचं बोलणं दुसऱ्यांदा गेलं असतं, आणि या वेळी झटका मी दिलेला असता.

दुपारी कम्प्युटरसमोर बसले. टायपिंगचा प्रोग्राम उघडेना, त्याची फाईलच जागेवर नव्हती. शेवटी नाक मुठीत धरून पप्पांच्या त्या खर्डा रोडच्या दुकानदाराला फोन लावला. पन्नाशीचा माणूस, शांत आवाज.

"ताई, विकतचा काढला का?"

"हो."

"मग आतल्यानं धरला असंल त्याला. तुमच्या वडलांचा प्रोग्राम त्या जुन्या सीडीवरचा हाय, कुलूप तोडलेला. कुठल्या बी अँटीव्हायरसला त्यो चोरच दिसतो. मी दरसाल नवीन टाकला की पहिलं काम हेच करायचो, ह्याला हात लावू नको म्हणून सांगून ठेवायचो. त्यो उघडला की त्याची अक्षरं संगं घेऊन येतो. त्योच न्हाई तर अक्षरं कुठनं येणार?"

इतकं साधं. आतल्या पहारेकऱ्यानं त्याचं काम चोख केलं होतं. त्यानं पकडून ठेवलेल्यांची यादी उघडली तर पप्पांचा प्रोग्राम तिथंच होता, सोमवारची तारीख लावून. दोन बटणं दाबून सोडवला, याला पुन्हा धरू नकोस म्हणून नोंद केली आणि फाईल उघडली. "सदर महिलेस सकाळी सात वाजता" असं मोठ्या टपोऱ्या अक्षरांत पडद्यावर आलं आणि मला रडूच कोसळलं. मग मी जे पहिल्याच वर्षी करायला हवं होतं ते केलं. फाईलच्या दोन प्रती काढल्या, एक पेनड्राईव्हवर, एक माझ्याकडे.

अजूनही कुणी विचारलं तर मी सांगते की बहुतेक घरांना विकतचा लागत नाही. ते खरंच आहे. पण आता आधी विचारते, तुमच्या कम्प्युटरमध्ये असं काय आहे जे गेलं तर तुम्ही जेवणार नाही? त्याची दुसरी प्रत कुठे आहे? आणि तुमचं काय, परकं काय, हे कुणाला माहीत आहे? पप्पा दरसाल पैसे देत होते ते त्या विकतच्या अँटीव्हायरसचे नव्हतेच. घरातलं कोण नि बाहेरचं कोण हे ओळखणाऱ्या माणसाचे होते, आणि मी त्या माणसालाच फुकट गेलेला खर्च समजले होते.

डोळे पुसत होते तेवढ्यात पडवीतून बाईमाणसाचा आवाज आला, "न्हाई!"

शेजारीण आली असेल असं मला वाटलं. दारातून डोकावले तर पडवीत पप्पा आणि आई, दोघंच. मधल्या स्टुलावर चहा. चार वाजले होते.

"मंग तू त्या ट्रॅक्टरवाल्याला थांबीवलंस," पप्पा सांगत होते, "आन ट्रॅक्टरमदीच बाळंतपण—"

"न्हाई!" आईनं डाव्या हातानं खुर्चीचा हात थोपटला. तिचा चेहरा लाल झाला होता.

"मग काय हुतं?" पप्पांनी भोळेपणानं विचारलं.

आईचे ओठ हलले, थांबले, परत हलले. "बै..." ती म्हणाली. पप्पा थांबून राहिले. त्यांनी शब्द पुरवला नाही. "बैल."

"बैलगाडी व्हय! बघ की, म्हातारपण. इसरलो."

ऊसतोडीला निघालेल्या बाईचं ते बैलगाडीतलं बाळंतपण पप्पांना तोंडपाठ आहे. कानामात्रेसकट.

मी त्यांना खुणेनं आत बोलावलं. पडद्यावरची अक्षरं बघून ते खालीच बसले. ओळीवरून बोट फिरवत दोन ओळी ओठांतल्या ओठांत वाचल्या. मग चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि दबक्या आवाजात म्हणाले, "बंद कर. तिला दाखवू नको."

"का?"

"वाचलं की ती बरं म्हणती. चुकलो की बोलती. अक्षरं गेली त्या दिशी तोंडी सांगताना खरंच इसरलो हुतो. आता मुद्दाम इसरतो."

मी म्हणाले, "पप्पा, तुमचं बोट लागलं नव्हतं. चूक माझी होती."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "दुकानदाराला चहाला बोलीव एकदा," एवढंच म्हणाले आणि बाहेर गेले.

मी पण बाहेर गेले. आईच्या पायाशी बसले. तिचा उजवा हात मांडीवर गार पडलेला होता, तो माझ्या हातात घेतला. म्हणाले, "आता मी सांगते. माझा जन्म मंगळवारचा. आई दिवसभर घरीच होती."

"न्हाई."

"मग कोणत्या वारी?"

आई माझ्याकडे बघत राहिली. पप्पा भिंतीकडे बघत राहिले. चहावर साय धरली.

"रवि," ती म्हणाली. मग दम घेऊन, "रविवार."

"असेल बाई. मला काय माहीत, मी तेव्हा लहान होते."

आई हसली. तोंडाच्या एकाच बाजूनं, पण पूर्वीसारखी, मोठ्यानं. मला वाटलं झालं, आता ती दमली. मी उठायला लागले तर तिनं डाव्या हातानं माझा पदर धरला आणि भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे आता काहीच नाही, पोपडे आलेला चुना आहे.

"सायकल," आई म्हणाली.

सायकलचं मी काही विचारलंच नव्हतं.