नेमके सरांचं क्रियापद

'नेमके' हे सरांचं आडनाव नव्हतं. पण जळगाव जामोदच्या आमच्या शाळेत सगळे त्यांना त्याच नावानं ओळखत. नवीन पालक तर अर्जावरही 'माननीय नेमके सर' असं लिहून आणत. सरांना त्याचं काही वाटत नसे. कोणी काही सांगायला आलं की ते मान तिरकी करून ऐकून घेत आणि म्हणत, "हे झालं मोघम. आता नेमकं सांगा." एखादं पोरगं 'पोट दुखतं' म्हणालं तरी सुटका नव्हती. दुखतं, मुरडतं की नुसतं फुगलंय, हे ठरल्याशिवाय घरी जायची चिठ्ठी मिळत नसे.

मी त्या शाळेत लिपिक म्हणून लागले तेव्हा चोवीस वर्षांची होते. माझं गाव सातपुड्याच्या पायथ्याशी, तिथून रोज एसटीनं येणं-जाणं. पहिल्याच महिन्यात मी वरच्या कार्यालयाला पत्र लिहिलं, 'प्रयोगशाळेच्या दुरुस्तीचे काम अडले आहे.' मुख्याध्यापकांनी ते तपासायला मराठीच्या शिक्षकांकडे, म्हणजे नेमके सरांकडे, पाठवलं. सर खुर्ची घेऊन माझ्या टेबलाशी येऊन बसले. "मॅडम, अडलं म्हणजे पुढं वाटच नाही. रखडलं म्हणजे वाट आहे, पण कोणी ढकलून नाही राह्यलं. खोळंबलं म्हणजे कोणाची तरी वाट पाहून राह्यलं. आपलं कोणतं?" आमचं काम अभियंत्याच्या सहीसाठी थांबलं होतं. मी 'खोळंबले' लिहिलं आणि कोणासाठी खोळंबले तेही लिहिलं. आठवड्यात सही आली. योगायोग असेल. मी मात्र तेव्हापासून पत्र लिहिताना दोनदा विचार करू लागले.

ही सवय त्यांना पुस्तकांतून लागली असेल असं मला वाटायचं. एकदा विचारलं तर म्हणाले, "पुस्तकातून कायची? बैलातून." त्यांच्या वडिलांकडे दोन बैल होते. बैलाचा पाय बिघडला की वडील ढोरांच्या डॉक्टरला नुसतं 'लंगडून राह्यला' असं कधी सांगत नसत. मोहरचा, म्हणजे पुढचा, डावा पाय टेकवतो पण भार देत नाही, की उचलतच नाही, खुरडतो, की चढावर ठीक आणि उतारावर लचकतो, असं सगळं सांगत. "जनावराले बोलता येत नाही, मॅडम. म्हणून त्याच्या मालकाले नेमकं बोलता आलं पाहिजे." सर वर्गात पुस्तकी मराठी बोलत, बाहेर आमच्यासारखंच वऱ्हाडी. दोन्हीकडे शब्दाचा आग्रह सारखाच.

त्याच वर्षी पावसाळ्यात माझी कंबर धरली आणि मग कळ डाव्या पायात उतरली. पाय टेकवला की वीज चमकल्यासारखी कळ यायची. घरी तेव्हा माझ्या लग्नाचं पाहणं सुरू होतं. मायनं बजावून ठेवलं, "कोणी इचारलं तर मुरगळला म्हण. दुखणं म्हणू नको, बाई. लोकं लई पुढचा इचार करतात." मी सगळ्यांना मुरगळला असंच सांगत राहिले. गावातल्या डॉक्टरांनाही तेच सांगितलं. त्यांनी त्याप्रमाणे गोळ्या आणि मलम दिलं.

शाळेत लपवणं अवघड होतं; उठताना हात आपोआप कंबरेवर जायचा आणि तिथून खाली पायावर उतरायचा. आठवीतली एक मुलगी दारात उभी राहून मैत्रिणीला म्हणाली, "फी त्या लंगड्या मॅडमजवळ भरायची." मी खाली मान घालून पावतीपुस्तक चाळत राहिले. सर व्हरांड्यातून चालले होते, ते थांबले. मुलीवर ओरडतील असं मला वाटलं, पण त्यांनी तिला शांतपणे विचारलं, "लंगडी खेळतेस ना तू? मग तुला लंगडी म्हणायचं का?" ती नाही म्हणाली. "मॅडम सध्या लंगडतात. असं म्हण. क्रियापद आज असतं, उद्या नसतं. विशेषण माणसाला चिकटून बसतं, मग निघता निघत नाही." मुलीला किती कळलं कोण जाणे. मी त्या दिवशी बसमध्ये खिडकीकडे तोंड करून रडले, पण ते रडणं वाईट नव्हतं.

दिवाळीनंतर आठवड्याभरात कळ एकदम थांबली. घरी आनंदीआनंद. मलकापूरकडच्या एका स्थळाची माणसं पुढच्या रविवारी बघायला येणार होती. मी सरांना आपणहून सांगितलं, "सर, आता दुखत नाही. बरी झाले." त्यांनी मला कपाटातून हजेरीचं रजिस्टर आणायला सांगितलं. मी गेले, आले. ते माझ्या पायाकडे पाहत होते.

"दुखत नाही, तर मग चप्पल काऊन निसटून राह्यली?"

"ढिली झाली असेल."

"एकच? डावीच?" ते म्हणाले, "मॅडम, दिवाळीपर्यंत तुम्ही लंगडत होत्या. दुखऱ्या पायावर भार द्यायचा चुकवत होत्या. आता तुम्ही पाय ओढून राह्यल्या. पुढचा पंजा उचलत नाही तुमचा. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

मला राग आला. किती दिवसांनी मी सुखानं झोपले होते, आणि हे त्यातही चूक काढत होते. मी म्हणाले, "सर, तुम्ही मराठीचे शिक्षक आहात. डॉक्टर नाही." ते 'बरोबर आहे' म्हणून उठून गेले. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, टेबलावर वहीचं एक पान ठेवलेलं दिसलं. त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं:

'श्रावणापासून दिवाळीपर्यंत कंबरेपासून डाव्या पायात कळ. टेकवताना लंगडत. दिवाळीनंतर कळ थांबली. तेव्हापासून पंजा उचलत नाही. पाय ओढला जातो, बोटं जमिनीला घासतात, चप्पल निसटते. पाय मुरगळल्याचे कोणी पाहिलेले नाही.'

शेवटचं वाक्य वाचल्याबरोबर मी पान घडी करून पर्समध्ये दडवलं. संध्याकाळी घरी मी पलंगावर बसून दोन्ही पंजे वर उचलायचा प्रयत्न केला. उजवा वर आला. डावा नुसता थरथरला.

माय म्हणाली, "सोमवारी जाऊ. रविवार होऊन जाऊ दे." मी बाबांकडे पाहिलं. बाबा फार बोलत नाहीत. ते उठले, सदरा घातला आणि म्हणाले, "सकाळची पहिली गाडी धरू."

अकोल्याच्या डॉक्टरांसमोर बाबांनीच सवयीनं सुरुवात केली, "साहेब, पोरीचा पाय मुरगळला होता. आता दुखत नाही म्हणते." डॉक्टरांचा हात गोळ्यांच्या कागदाकडे गेलाही होता. मी पर्समधून पान काढलं आणि वाचून दाखवलं. 'कळ थांबली, तेव्हापासून पंजा उचलत नाही' इथपर्यंत आले आणि त्यांनी पेन खाली ठेवला. मला टाचांवर चालायला सांगितलं. मला जमलं नाही.

मणक्यांमधली चकती सरकून नस दाबली गेली होती. कळ थांबली होती, कारण नस बधिर होत चालली होती. सोमवारी ऑपरेशन झालं. "अजून काही आठवडे बरं वाटतंय म्हणून बसला असता, तर हा पाय असाच राहिला असता," डॉक्टर म्हणाले. मग ते पान हातात घेऊन त्यांनी विचारलं, "हे कोणत्या डॉक्टरनं लिहिलं?" बाबा म्हणाले, "मास्तर आहेत साहेब, मराठीचे."

ऑपरेशनचं कळल्यावर मलकापूरची माणसं 'पाहू' म्हणाली, आणि पाहणं तिथंच संपलं. मायला त्याचं वाईट वाटलं. मला वाटलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. पाय उन्हाळ्यापर्यंत बराचसा परत आला. अजूनही फार दमले की डावी बोटं पायरीला लागतात. मी शाळेत परत गेले त्या दिवशी सरांची माफी मागितली. ते म्हणाले, "माफी कायची? मी डॉक्टर नाही, हे नेमकंच बोलल्या होत्या तुम्ही."

तीन वर्षांनी सर निवृत्त झाले, आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी भेटायला गेले तेव्हा त्यांचा मुलगा आणि सून खाटेच्या दोन बाजूंना उभे राहून त्यांच्याबद्दल बोलत होते. बाबांनी आज काय खाल्लं, बाबांना आता काही कळत नाही, बाबांना दवाखान्यात परत न्यायचं का. सर छताकडे पाहत होते.

मी दर रविवारी जाऊ लागले. काय बोलावं कळेना, म्हणून वर्तमानपत्र वाचून दाखवायचे. एका रविवारी घाईत मी 'पुलाचे उद्घाटन' ऐवजी 'पुलाचे उत्खनन' वाचलं. चादरीवर काहीतरी हललं. सरांच्या डाव्या हाताचं बोट उभं राहिलं होतं, वर्गात चूक सापडली की राहायचं तसं. मी वाचत राहिले, आणखी एक चूक मुद्दाम केली. बोट पुन्हा वर आलं. मी मुलाला हाक मारली, आणि तिसरी चूक त्याच्यासमोर केली.

तो पुढे येऊन खाटेच्या कडेला बसला. म्हणाला, "म्हणजे इतके दिवस बाबा सगळं ऐकून राह्यले होते?"

सर पुढच्या उन्हाळ्यात गेले. दिवसकार्य झाल्यावर मुलगा मला फाटकापर्यंत सोडायला आला. म्हणाला, "ताई, शेवटचे चार महिने आम्ही त्यांच्याशी बोललो. मी माझ्या लहानपणापासूनचं सगळं सांगितलं त्यांना. कधी सांगितलं नव्हतं." मग फाटकाची कडी काढत म्हणाला, "दोन ठिकाणी त्यांनी माझी चूक काढली."