कडेचा काप

प्रयोगशाळेत तिला सगळे वस्तरा म्हणायचे, आणि ते तिला चांगलं ठाऊक होतं. हात तसा आणि जीभही तशीच. बाई नाकावर माशी बसू द्यायची नाही. स्वतःचा काप जरासा फाटला तरी स्वतःलाच शिव्या घालत फेकून द्यायची आणि दुसरा घ्यायची. दुसऱ्या कुणी फाटका काप काचेवर चढवला, तर त्या दिवशी त्याची काही धडगत नसे.

काम असं. ऑपरेशन चालू असतानाच स्तनातली गाठ, भोवतीच्या थोड्या चांगल्या भागासकट, डब्यातून खाली येते. वरची बाजू कुठली नि बाहेरची कुठली हे कळावं म्हणून सर्जननं तिला एक आखूड, एक लांब असे दोन दोरे घातलेले असतात. प्रत्येक कडेला वेगळ्या रंगाची शाई लावायची, कडेचे तुकडे यंत्रात गोठवायचे आणि पात्यानं कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचा. तो मग डॉक्टरबाई सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. रोग शाईपर्यंत पोचला असेल तर कड वाईट, आणखी कापा, असा वर फोन जातो. पेशंट तोवर भूल दिलेल्या अवस्थेतच. चरबी मात्र महाखट. धड गोठत नाही, पात्याखाली फसकते, आणि फसकते तीही नेमकी कडेलाच.

त्या दिवशी वर टेबलावर वस्तऱ्याचीच धाकटी बहीण होती.

या दोघी लहान असताना आईचे दोन्ही स्तन जुन्या पद्धतीनं सरसकट काढले होते. आई कापूस भरून शिवलेले आतले कपडे दोरीवर टॉवेलाखाली लपवून वाळत घालायची. वडील दुसऱ्या खोलीत झोपायला गेले ते कायमचेच. थोरलीनं ते सगळं गिळून टाकलं, धाकटीला काही ते जमलं नाही. ती मोठी होऊन पोहायला शिकवायला लागली, दिवसभर पोहण्याच्या कपड्यांत वावरायची, आणि आता हे. सर्जननं तिला समजावलं की आधी गाठच काढू, कड वाईट आली तर आणखी एकदा काढू, तीही वाईट आली तर मात्र स्तन ठेवता येणार नाही. धाकटीनं सही केली, पण काप ताईच घेईल या अटीवर.

डॉक्टरबाई थोरलीला म्हणाल्या, घरच्या माणसाचं काम आहे, आज तू सुट्टी घे. ऐकते थोडीच! बाकीच्यांचे हात काय लायकीचे आहेत ते मला माहीत आहे, असं चारचौघांत बोलून मोकळी झाली.

पहिल्या खेपेला बाकीच्या कडा स्वच्छ निघाल्या, छातीच्या मध्याकडची वाईट. वर फोन गेला आणि थोड्या वेळानं त्या बाजूचा दुसरा तुकडा आला. बघावं तर नुसती चरबी. थोरलीनं त्याच्या नव्या कडेला निळी शाई लावली, गोठवला, काप घेतला. काप फाटला. मधला भाग छान आला, पण निळी कड तेवढी पात्याला चिकटून गेली.

एरवी तिनं तो फेकला असता. आज तिनं तोच काचेवर घेतला, रंगवला आणि तोंडातून चकार शब्द न काढता डॉक्टरबाईंच्या पुढ्यात ठेवला.

डॉक्टरबाईंना काय, लगेच दिसलं. "आहे ते स्वच्छ आहे. पण कडच नाहीये यात. तुकडा उरलाय का अजून?"

उरला होता. पण संपला म्हटलं असतं तर कोण बघायला येणार होतं? वस्तरा संपला म्हणते म्हणजे संपला. नंतर किरणं तर देणारच आहेत, राहिल्याच चार पेशी तर त्यात मरतील. आपलेच दात नि आपलेच ओठ!

"आहे," ती म्हणाली.

यंत्र आणखी थंड करून तिनं नवा काप घेतला. इतका देखणा काप तिच्या हातूनही क्वचितच निघायचा. निळी रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड होती. डॉक्टरबाईंनी बराच वेळ बघितलं, आणि तिच्याकडे न बघताच फोन उचलला.

संध्याकाळी धाकटी शुद्धीवर होती. छातीची एक बाजू सपाट बांधलेली, सर्जन येऊन सांगून गेलेले. तिनं ताईला एवढंच विचारलं की दुसऱ्या खेपेला कडेला रोग नक्की दिसला ना. हो म्हणून गप्प बसावं की नाही? पण नाही, बाईनं सगळं ओकून टाकलं. फाटका काप, डॉक्टरबाईंचा प्रश्न, तुकडा संपला म्हणता आलं असतं, पण म्हटलं नाही. सांगितल्यावर आपल्याला रडू येईल आणि धाकटी पाठीवर हात फिरवेल, असं वाटलं असावं तिला. वेडी कुठली.

धाकटीनं पांघरूण बांधलेल्या बाजूवर ओढून घेतलं.

"तूच म्हणाली होतीस ना, ताईच हवी म्हणून," थोरली म्हणाली.

"म्हणाले होते."

"मग?"

"तुझा हात चांगला म्हणून नव्हते म्हणाले मी. चांगला हात काय, कुणाचाही चालला असता," धाकटी म्हणाली. "माझ्यासाठी तरी चुकशील, असं वाटलं होतं मला."