शेजाऱ्यांचा हीटर

आमच्या छत्रीबागेतल्या शेजाऱ्यांकडे सुपरचार्जरवाली गाडी आहे. सुपरचार्जर हवा दाबून इंजिनात कोंबतो, त्यामुळे गाडी पळते जोरात आणि तापतेही तितक्याच जोरात. मी स्कूटर काढताना ते रोज मला गाठून हे समजावतात. "भिया, पॉवर तर कोणीही काढेल, हीट संभाळणं हीच खरी कला आहे." माझ्या स्कूटरला या ज्ञानाची फार गरज दिसत असावी.

मे महिन्यात ते मला हट्टानं रेस ट्रॅकवर घेऊन गेले. तिसऱ्याच फेरीत तापमानाचा काटा लाल रेषेला भिडला. त्यांनी वेग कमी केला, एसी बंद केला आणि हीटर फुल्ल सोडला. "इंजिनची गरमी अंदर खेचून घ्यायची, समझे?"

समजलं होतं. माझे पाय भाजत होते आणि हेल्मेटमध्ये डोकं शिजत होतं. तेही घामानं निथळत होते, पण नजर काट्यावर, आजारी लेकराच्या उशाशी बसल्यासारखी.

हळूहळू काटा खाली आला. त्यांनी मायेनं विचारलं, "आता बरं वाटतंय ना?"

"हो," मी म्हणालो.

त्यांनी दचकून माझ्याकडे पाहिलं. त्यांचा हात डॅशबोर्डवर होता.