कोपऱ्यातली कळ

टाइपिंगच्या दुकानात रद्दी साचते तसे किस्से साचतात. रद्दी मालक विकून टाकतात, किस्से माझ्याकडं राहतात. मला अक्षर येत न्हाई. मी सांगून राहिले, नात उतरून घेऊन राहिली.

सेनगावात तहसीलीसमोर दुकान हाय. माझी सून रुक्मा तिथं अर्ज टाइप करते, एका हातानं. डावा पंजा सोयाबीनच्या मळणी यंत्रात गेला. तवापासून तो हात पदराखाली. माझ्यासमोरपण काढत न्हाई. घर तिच्या उजव्या हातावर चालतं. डबा घेऊन मी रोज शेजारी बसते.

*

फाईल बंद करायला दोन कळा एकदम दाबायच्या. कोपऱ्यातली कंट्रोल अन् वरची डब्ल्यू. डब्ल्यूला खेटून क्यू. बोट तिच्यावर घसरलं की उघडं असलेलं सगळंच बंद! एका हाताची बोटं ताणून रुक्मा एका दिवसात तीनदा घसरली.

मालक म्हणले, "रुक्माबाई, आता शटरपण तुमीच पाडा!"

*

मग तिनं सेटिंगमदी जाऊन शॉर्टकटच बदलला. वरच्या रांगेतली एफ नाईन दाबली की फाईल बंद. 'सेव्ह करू का?' हे विचारणंपण काढून टाकलं.

"आत्या, ही कळ कुणीच वापरत न्हाई." आठ दिवस हसत होती पोरगी.

वापरत कुणी नव्हतं, बराबर. पण मालक चष्म्याची डबी तिथंच ठेवायचे! सरपंचाचा दोन पानी अर्ज डबीखाली गेला.

*

मालकांनी कळा पहिल्यासारख्या केल्या. "सगळ्यांना जमतं, तुमालाच काहून न्हाई?"

रुक्मानं डाव्या हातावरचा पदर सारखा केला. मीच म्हणलं, "कोपऱ्यातली कळ मी दाबते."

"आजी, वाचता येतं का?"

"न्हाई."

"मग बसा. गिऱ्हाइकाचं गुपित फुटायचं न्हाई!"

*

तवापासून माझं बोट कंट्रोलवर. ती "आत्या" म्हणायची, मी दाबायची, ती डब्ल्यू मारायची. कुरुंद्याच्या एका माणसानं विचारलं, "ही म्हातारी कोण?"

मालकांनी मानपण वर केली न्हाई. "ती कळ हाय."

*

एकदा मला खोकल्याची उबळ आली, बोट सुटलं, नुसतीच डब्ल्यू दाबली गेली, अन् अर्जाच्या शेवटी एक परकं अक्षर उमटलं. तसंच छापलं गेलं. अर्ज परत आला. गिऱ्हाईक दारातूनच ओरडलं, "म्हातारीचा खोकलापण छापून देता का?"

सगळे हसले. मालक हसले न्हाईत.

*

दुसऱ्या दिवशी मालक स्वतः मागं उभं राहून सांगू लागले. "लिहा. टाइपिंगसाठी बाई पाहिजे. दोन्ही हात धड असावेत."

रुक्मानं टाइप केलं. एक चूक न्हाई. मालकांनी कागद काढला, दारावर चिकटवला.

"आत्या," रुक्मा म्हणली.

माझं बोट हललं न्हाई.

"आत्या, दाबा. माणसं उभी हायत."

बोट हललंच न्हाई. तिनं माझ्याकडं बघितलं. मग सगळ्या रांगेसमोर पदराखालून डावा हात काढला. माझं बोट हळूच बाजूला सारलं, थोटं मनगट कळीवर ठेवलं, अन् उजव्यानं डब्ल्यू मारली.

"पुढचा अर्ज कुणाचा?" म्हणली.